फोनवर ‘आ’ रेकॉर्ड करताना

मोबाइलवर ‘आ’ रेकॉर्ड करून आवाजातला दोष कळेल का, असं कोणीतरी विचारलंय. थोडाफार कळतो, पण आधी पंखा बंद करा!

गणेशचवथीला पाच दिवस घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरत्या म्हणून माझा आवाज बसला, तेव्हा ‘प्राट’ या आवाज तपासायच्या मोफत सॉफ्टवेअरवर पाहिलं होतं. एरवी स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या चित्रात, ठसठशीत दिसणाऱ्या समांतर रेघांच्या मधे वाळू सांडल्यासारखी दिसत होती. तो निसटत्या हवेचा खरखराट. १२० हर्ट्‌झचा आवाज म्हणजे स्वरतंतू सेकंदाला १२० वेळा मिटतात. त्या आवर्तनांचा वेळ कमीजास्त झाला की जिटर, जोर कमीजास्त झाला की शिमर. फोनचं नॉइज रिडक्शन मात्र नेमकी ही खरखरच पुसतं. आणि जिटर-शिमरच्या आकड्यांवरून स्वरतंतूंवर गाठ आहे की नुसती सूज, हे कळत नाही. त्यासाठी दुर्बीण घालून घसा बघावाच लागतो.