प्रतिसाद: फॅनीची उशी

वर एकाने लिहिलंय की ‘फनी गर्ल’ या हॉलिवूडच्या संगीतपटातली गाणी कथा अडवून धरतात. पूर्वार्धाबद्दल तरी मला हे अजिबात पटत नाही. झीगफेल्डच्या फॉलीजमधला, म्हणजे त्या निर्मात्याच्या नाचगाण्यांच्या भव्य कार्यक्रमातला, तो नववधूंचा प्रवेश आठवा. प्रियकराच्या प्रेमाने मी सुंदर झाले, अशा अर्थाचं गाणं, स्वतःला रूपवान न मानणाऱ्या नायिकेच्या, फॅनीच्या वाट्याला आलंय आणि आपल्या तोंडी ते ऐकून लोक हसणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मग ती पोटाशी उशी बांधून गरोदर नवरी म्हणूनच रंगमंचावर येते! लोक हसतात, पण तिने हसवलं म्हणून. तिचा धीटपणा, तिची पुढची सगळी कारकीर्द त्या एका गाण्यात कळते. संवादांनी हे साधलं नसतं.

बार्ब्रा स्ट्रायसँडने १९६४ पासून फॅनीची हीच भूमिका ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर केली होती. त्यामुळे १९६८ च्या या तिच्या पहिल्याच चित्रपटात तिचं टायमिंग इतकं बिनचूक आहे. ऑस्करही मिळालं, कॅथरीन हेपबर्नबरोबर विभागून. उत्तरार्धात फॅनीच्या नवऱ्याच्या जुगाराचं प्रकरण लांबतं, हे मान्य.

गिरगावच्या साहित्य संघात संगीत नाटकं पाहिलेल्यांना हे नवीन नाही. पदाला वन्समोअर मिळतो तेव्हा कथा थांबते खरी, पण पात्र आणखी जवळ येतं.

मुंबईत कुणीतरी हा चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवायला हवा. उशीच्या त्या प्रवेशाला भरलेल्या थिएटरचा हशा मला ऐकायचाय.