मदत हवी आहे: निवासी शाळेतली रहस्यकादंबरी, मोबाईल आणि गेटवरचं रजिस्टर

कुमारवयीन वाचकांसाठी रहस्यकादंबरी लिहितेय. जागा पाचगणी, शाळा काल्पनिक, दिवस जुलैचे. धुकं, टेबललँडचा जांभा, पसरणी घाटात कोसळलेली दरड, वातावरण हाताशी आहे. अडतंय ते कथानक.

वसतिगृहातली मुलगी रात्रीतून नाहीशी होते. शाळा सांगते, 'पालक घेऊन गेले'. पण रात्री हजेरी होते, आणि मुलीला सोडताना गेटवरच्या रजिस्टरात वेळ व नेणाऱ्याची सही लागते. म्हणजे वॉर्डन, वॉचमन, ऑफिसातला क्लार्क, निदान तिघं सामील हवेत. एवढ्यांना गुपित पचणं मला पटत नाही. एकट्या वॉर्डनवर ठेवलं तर खलनायक तिसाव्या पानावरच कळतो. फाटलेलं पान फार वापरून झालंय. म्हणून नोंद जागेवर ठेवलीय, फक्त शाई त्या आठवड्यातल्या बाकी नोंदींहून वेगळी. नायिकेला ती पहिल्यांदा दिसते, पण अर्थ बऱ्याच उशिरा लागतो. एवढा धागा पुरेल?

दुसरी अडचण मोबाईलची. फोन जमा करून घेतले तरी ऑफिसातून १०९८ (संकटातल्या मुलांसाठीची हेल्पलाइन) लावता येतोच. काळ १९९० वर नेला तर ती हेल्पलाइनच नव्हती (सुरुवात १९९६, मुंबईत). एसटीडी बूथ आणि वॉर्डन उघडून वाचते ती आंतर्देशीय पत्रं, एवढाच मार्ग उरतो. कोंडी छान जमते, पण आजचा चौदा वर्षांचा वाचक त्यात रमेल का?

वसतिगृहात राहिलेल्यांनी किंवा तिथे काम केलेल्यांनी सांगा: हजेरी नक्की कोण घेतं, आणि रजिस्टर रात्री कुणाच्या ताब्यात असतं?