दिवाणखान्यात ठेवायला जपानी तलवारींचा संच घ्यायचाय, किंमत कशी ठरवायची?

पर्वरीकर:
म्हापशाच्या एका दुकानात तीन जपानी तलवारी आहेत, लाकडी स्टँडसकट. मोठीचं पातं ७० से.मी.च्या आसपास, म्यान काळं चकचकीत, पात्यावर लाटांसारखी पांढरी रेघ. दुकानदार ‘हाताने घडवलेली, हाय कार्बन पोलादाची’ म्हणतो आणि १४ हजार सांगतो. फक्त शोभेला हवीय. दुकानात उभ्या उभ्या काय तपासता येईल? आणि आपल्या पावसाळ्यात टिकेल का?

जुनी मूठ:
तीनचा संच म्हटला की तिथेच अर्धा उलगडा होतो. सामुराईच्या कमरेला दोन असत, लांब कताना आणि आखूड वाकिझाशी; या जोडीला दाइशो म्हणतात. तिसरा खंजीर, म्हणजे तांतो, जोडून एका स्टँडवर रचायची रीत शोभेच्या दुकानांची. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव शोभेच्या वस्तूचाच करा.

आता मूठ उलटी करून तिचं बूड बघा. तिथे नट किंवा स्क्रूचं डोकं दिसलं, तर आत बहुधा पात्याला वेल्ड केलेली आटे पाडलेली बारीक सळई असते. अशी तलवार जोरात फिरवली तर वेल्ड तुटतो आणि पातं सुटून उडतं. स्टँडवर मात्र वर्षानुवर्षं निवांत राहील. नीट बनावटीत पात्याचाच पोलाद मुठीत खोल जातो (नाकागो) आणि बांबूची खुंटी (मेकुगी) त्यातून आरपार बसते. खुंटी एका टोकाला निमुळती असते, बारीक टोकाकडून ठोकली तरच निघते. पण नुसती खुंटी दिसली म्हणून हुरळू नका, नटवाल्या तलवारींवरही ती शोभेला चिकटवलेली असते.

ओली भिंत:
पांढऱ्या रेघेसाठी मोबाईलचा टॉर्च पुरे. पातं डोळ्यांच्या रेषेत धरा आणि हळूहळू कलवा. खरी रेघ (हामोन) पाणी देतानाच, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवतानाच, तयार होते: पाठीवर मातीचा जाड थर, धारेकडे पातळ, म्हणून धार लवकर थंड होऊन कडक होते. ती प्रकाशाच्या कोनाप्रमाणे उजळते, विरते, आणि जवळून धुक्यासारखी दिसते. अ‍ॅसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली रेघ कुठूनही बघा, सारखीच पांढरी, कडा कापल्यासारख्या.

चुंबकाने फसू नका. चिकटला नाही तर जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, सरावाच्या इआइतो तलवारींत असतो तसा. चिकटला तर पोलाद, पण ४२० आणि ४४० या प्रतींच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो. म्हणजे चुंबक लावून ‘बघा, हाय कार्बन’ म्हणणाऱ्याने काहीच सिद्ध केलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर तुम्हाला हाय कार्बन नकोच. गोव्यात जून ते सप्टेंबर त्यावर बोटाचा ठसा राहिला तरी तांबूस डाग उमटतो. शोभेला स्टेनलेस चांगलं.

पर्वरीकर:
मोठीच्या बुडाला नट आहे, रंगाखाली झाकलेला! मग भाव कशाचा करू?

जुनी मूठ:
पात्याचे पैसे शून्य धरा. जी कारागिरी दिसते तिचा भाव करा. त्सुबा, म्हणजे हाताची ढाल, काढता आली तर कडेवर नख फिरवा. साच्याची शिवण लागली तर ओतकाम. मुठीवरचं दाणेदार कातडं खऱ्या माशाचं असेल तर दाणे लहानमोठे असतात, प्लास्टिकचं असेल तर एकसारखे. दोरी अंगठ्याने सरकवून बघा, सैल असेल तर वर्षभरात लोंबेल. म्यानावर रंगाचे ओघळ असतात का तेही बघा. तांतो वगळून दोघींचा भाव विचारून पाहा, तिथे बहुतेक घासाघीस सुरू होते.

ओली भिंत:
पावसाळ्यात लाकडी म्यान फुगतं आणि पातं अडकतं. मे अखेरीस पातं काढून शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्या, मग जवळपास कोरडं होईपर्यंत पुसा. पुढे ऑक्टोबरपर्यंत तीन-चार आठवड्यांनी तेच. खोबरेल नको, चिकट होतं आणि धूळ धरतं. मुठीच्या दोरीला बुरशी लवकर येते, म्हणून जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आतल्या भिंतीला लावा. कताना ठेवताना धार वर, मूठ बघणाऱ्याच्या डाव्या हाताला.

धार मात्र लावून घेऊ नका. २०१६च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे. बिलावर ‘शोभेची, बिनधार’ असं लिहून घ्या, आणि शंका राहिली तर आपल्या पोलीस ठाण्यात एकदा विचारून या.