खेळाचे पाच हजार आणि कुलूपबंद कपाट

माणदेशी मास्तर:
काल इथे एकाने लिहिलं, "गरीब पोरांच्या नावाने झेडपीच्या शाळांना जादा पैसे देणं बंद करा, खेळाचं साहित्य कपाटात सडतंय." वाचून डोकं फिरलं. माझी शाळा द्विशिक्षकी, पट 38. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला खेळासाठी वर्षाला 5,000 रुपये. म्हणजे पोरामागे वर्षाला 131. त्यात दोन फुटबॉल, दोरीउड्या, चार रिंगा. माळावर बाभळीचे काटे. बॉल पंधरा दिवस टिकला तर नशीब. आणि गरीब मुलींना काय मिळतं? पहिली ते चौथी उपस्थिती भत्ता, दिवसाला 1 रुपया. 1992 साली ठरलेला तो रुपया आहे. सडण्याइतकं साहित्य आहे कुणाकडे?

हिशेबनीस:
लिहिणारा मीच. लेखा विभागात 22 वर्षं काढली आहेत, ऐकीव बोलत नाही. पैसे येतात मार्चमध्ये, 31 च्या आत खर्ची टाका म्हणून फोन, मग दुकानदार देईल ते उचलायचं. एका शाळेचं कपाट उघडायला लावलं तर सहा बॉल, सगळे बसलेले, पंप नाही. धावपटू ललिता बाबर तुमच्याच माण तालुक्यातल्या मोही गावच्या, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) फायनल पळाल्या. त्या काय या पाच हजारांवर घडल्या?

माणदेशी मास्तर:
ललिताताईंचं नाव यासाठी वापरू नका. एक जण सगळं सोसून रिओला पोचली, म्हणून बाकीच्या पोरींना काहीच द्यायचं नाही? माझ्या चौथीत ऊसतोड कामगाराची लेक आहे. दिवाळीनंतर फडावर जाते ती एप्रिलात येते. वाचनात मागे, पण लंगडीत तिला अजून कुणी बाद केलेलं नाही. तिच्यासाठी शाळा म्हणजे ते मैदान. आणि कपाटाला कुलूप का, तेही ऐका. बॉल फुटला की डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे शाळेच्या वस्तूंची नोंदवही, मग निर्लेखनाचा म्हणजे मोडकी वस्तू नोंदीतून काढायचा प्रस्ताव, तपासणीला आलेला साहेब विचारणार "बॉल कुठंय?" माझ्या आधीचे गुरुजी या धास्तीने बॉल बाहेरच काढत नव्हते. ही धास्ती तुमच्या लेखा विभागानेच घातली.

लातूरची आई:
खेळाचं राहू द्या, गणवेशाचं कुणी बोलणार आहे का? 2024 ला 'एक राज्य एक गणवेश' आणला, म्हणजे शाळेने शिवून घ्यायचा नाही, सरकार कापड देणार आणि बचत गट शिवणार. माझ्या दुसरीतल्या पोराला 15 ऑगस्ट उलटला तरी गणवेश नव्हता. आला तो चौथीतल्याला बसेल असा. चड्डी सुतळीनं बांधून कबड्डी खेळला, सुटली, सगळे हसले. चार दिवस शाळेत गेला नाही. डिसेंबरात सरकारने निर्णय फिरवला, पण पोराचं हसं झालं ते झालंच.

शिलाईवाली:
बचत गटांना बोल लावू नका ताई. आमच्या गटाने शिवलेत ते. कापड बेतूनच आलं, मापं आमच्या हातात नव्हती. रात्री बारापर्यंत मशीन चालवली आणि गावात शिव्या आम्हीच खाल्ल्या.

लातूरची आई:
राग तुमच्यावर नाही. पण आधी गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे होते तेव्हा गावातला शिंपी पोराला उभं करून माप घ्यायचा.

शिलाईवाली:
दोन जोडांचे 600 रुपये, त्यात कापड आणि शिलाई. कुठल्या शिंप्याला परवडतं? आमचा शिंपी पदरचं घालून शिवायचा, शेवटी त्यानेही हात वर केले.

हिशेबनीस:
गणवेशाचा वेगळा विषय काढा की. मास्तर, तुम्ही माझ्यावर घसरलात, पण खरी गोष्ट राहिली. शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन माणूस फक्त सहावी ते आठवीला, तोही पट शंभरावर असेल तर. चौथीपर्यंतच्या पोरांना खेळवायला माणूसच नाही, बॉल देऊन काय करणार?

माणदेशी मास्तर:
मी खेळवतो. दुसरे गुरुजी ऑनलाइन माहिती भरत बसतात तेव्हा दोन वर्ग मीच मैदानात काढतो. माणूस द्याच, पण त्यासाठी 131 रुपये काढून घेऊ नका.

हिशेबनीस:
बरं, "बंद करा" हे मागे घेतो. पैसे जूनमध्ये मिळाले पाहिजेत हेही मान्य. पण दुकानदाराच्या यादीवर सही करणारे मुख्याध्यापक मी पाहिलेत, त्यांची बाजू घेणार नाही.

माणदेशी मास्तर:
त्यांची बाजू मीही घेत नाही. निर्लेखनाचं काय ते सांगा.

लातूरची आई:
यंदा कुणाच्या शाळेत दोन्ही जोड मिळालेत? आमच्याकडे एकच आलाय.