रीसेल फ्लॅट: एजंट मालकाला भेटू देत नाही, टोकन मात्र आजच हवंय

प्रश्न

पुण्यात कोथरूडला 2 बीएचके रीसेल फ्लॅट पसंत पडलाय. जुनी सोसायटी, मागणी 82 लाख. एजंट मालकाचा नंबर देत नाही. कागदांची झेरॉक्स टोकननंतरच मिळेल म्हणतो. संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे, म्हणून 2 लाख आजच आणि तेही त्याच्या खात्यावर भरायचे. दलाली 2 टक्के, शिवाय 82 पैकी 15 लाख 'वरून' कॅशमध्ये. फ्लॅट हातचा जाऊ द्यायचा नाही, पण हे पटतही नाही. कुठे ठाम राहायचं आणि कुठे सोडून द्यायचं? महारेरात, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाकडे, तक्रार होते का?

उत्तर 1: कर्वे रोड

एजंटच्या खात्यावर एक रुपयाही टाकू नका. पैसे त्याच्याकडे गेले की मालकाशी तुमचा व्यवहार झाल्याचा पुरावाच उरत नाही. उद्या मालक म्हणेल, मला काही मिळालं नाही, आणि ते खरंही असेल. टोकन मालकाच्याच खात्यावर, चेकने किंवा एनईएफटीने द्या. 51 हजार पुरतात.

त्याआधी चार झेरॉक्स मागा: मालकाच्या नावचा नोंदणीकृत करारनामा, त्याची सूची 2 (आपण इंडेक्स टू म्हणतो ती, नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा सारांश), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पुढून-मागून, आणि या वर्षीची मिळकतकराची पावती. चारही कागदांवर नाव एकच हवं. जुन्या सोसायट्यांत अडतं ते इथेच. करारनामा नवरा-बायकोच्या नावे असतो, दोघांपैकी एक वारलेले असतात आणि सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव चढलेलं असतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर तो फ्लॅट विकायला तयार नाही असंच समजा.

एजंट कागद देत नसेल तरी सूची 2 तुम्हाला घरबसल्या बघता येते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकायचा. कॅप्चा बहुतेक वेळा दोनदा मागतो, तिथे सोडून देऊ नका. सूचीत कलम 2 म्हणजे मोबदला, 3 बाजारभाव, 5 क्षेत्रफळ, 7 दस्त करून देणारे, 8 करून घेणारे. त्याच इमारतीतल्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी काढा आणि मोबदल्याला क्षेत्रफळाने भागा. सूचीत क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल, तर 10.764 ने गुणून चौरस फूट करा. कार्पेट आहे की बिल्टअप तेही बघा. मग 82 लाख कितपत खरे ते कळतं. 'शेजारचा 90 ला गेला' या वाक्याला नोंदणीचं कागदी उत्तर मिळतं. याच ठिकाणी 'नोटीस ऑफ इंटिमेशन' (फ्लॅट गहाण असल्याची नोंदणी कार्यालयाला दिलेली सूचना) दिसली, तर कोणत्या बँकेचा बोजा आहे तेही समजेल.

टोकनच्या पावतीत हे वाक्य शब्दश: हवं: "खरेदीदाराच्या वकिलांना मालकी हक्क निर्वेध आढळला नाही किंवा कागदपत्रांतील दोषामुळे बँकेने कर्ज नाकारले, तर मालक ही संपूर्ण रक्कम 7 दिवसांत परत करतील." शिवाय एकूण किंमत, पार्किंग कोणतं, ताबा कधी, सोसायटीची थकबाकी कुणाकडे. सही मालकाची, एजंट फक्त साक्षीदार. साक्षीदार म्हणूनही सही करायला तो नाही म्हणाला, तर तिथेच थांबा.

उत्तर 2: दस्तनोंदणी

कॅशला सरळ नकार द्या. स्थावर मालमत्तेपोटी 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो. तुमचंही नुकसान आहेच. कागदावर 67 लाख लागले तर कर्ज त्यावरच मिळेल, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत 67 धरून कर लागेल. शिवाय सरकारी बाजारमूल्य करारातल्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त निघालं, तर फरक तुमचं उत्पन्न म्हणून धरला जातो.

हिशोब आजच करून ठेवा. 82 लाखांवर पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5,74,000. नोंदणी फी 30,000, ती याहून वाढत नाही. खरेदी फक्त बाईच्या नावे असेल तर शुल्क 1 टक्का कमी, म्हणजे 82,000 वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावे असेल तर ही सवलत नाही. बँक जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 65,60,000 देईल, आणि बँकेचं मूल्यांकन कमी आलं तर त्याहून कमी. मुद्रांक शुल्कासाठी कर्ज धरत नाहीत. म्हणजे दलाली सोडूनही 22 लाखांच्या पुढे तुमच्याकडे तयार हवेत. टोकन देण्याआधी हा आकडा हातात आहे का, ते बघा.

एजंट 'रजिस्ट्रेशनचं पॅकेज' सांगेल. शुल्क आणि फी ग्रास पोर्टलवर (सरकारी भरणा स्वीकारणारं राज्याचं संकेतस्थळ) तुमच्या खात्यातून भरा, चलनावर तुमचंच नाव. दस्ताची डेटा एंट्रीही विभागाच्या संकेतस्थळावर स्वत: करता येते. वकिलाची फी वेगळी ठरवा, आणि वकील एजंटने आणलेला नको.

उत्तर 3: सिंहगड रस्ता

दलालीबद्दल. रीसेलला कायद्याने ठरलेला दर नाही. पुण्यात 1 टक्क्याला व्यवहार होतात, आणि एजंट मालकाकडूनही दलाली घेतोच. 1 टक्का म्हणजे 82,000. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर 18 टक्के, 14,760, पण मग जीएसटी क्रमांकाचं बिल हवंच. अर्धी दलाली करारनामा नोंदल्यावर, अर्धी चावी हातात आल्यावर, असं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. सगळी आधीच दिली की सोसायटीच्या ना-हरकतीसाठी कुणी फिरकत नाही.

साइट दाखवताना सही घेतलेला फॉर्म पुन्हा वाचा. 'भविष्यात थेट व्यवहार झाला तरी दलाली देय' असं त्यात असतं. फ्लॅट त्याने दाखवला असेल तर त्याला वगळून मालकाकडे जाऊ नका, तो त्याचा हक्काचा पैसा आहे. पण मालकाला भेटणं हा तुमचा हक्क आहे. भेट टाळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मालकाला एक किंमत आणि तुम्हाला दुसरी सांगितलेली असते.

महारेराबद्दल: रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी ही रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. जुन्या सोसायटीतल्या रीसेलला तिथे दाद मिळणं कठीण. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण त्यासाठी दलाली दिल्याचं बिल आणि बँकेची नोंद लागते. रोख दिलीत तर हातात काहीच उरत नाही.

प्रश्नकर्ता

तुमच्या सांगण्याप्रमाणे आग्रह धरला. एजंट म्हणाला, मालक दुबईत असतात, कुलमुखत्यारपत्र धाकट्या भावाकडे आहे, टोकन भावाच्या खात्यावर द्या. हे चालेल का?

उत्तर 2: दस्तनोंदणी

भावाच्या खात्यावर नको. रक्कम मालकाच्या भारतातल्या एनआरओ खात्यावरच (परदेशस्थ भारतीयांचं इथलं बँक खातं) गेली पाहिजे.

मुखत्यारपत्राची मूळ प्रत बघा. ते तिथल्या भारतीय वकिलातीसमोर साक्षांकित केलेलं हवं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. त्यात 'विक्री करणे', 'मोबदला स्वीकारणे' आणि 'दुय्यम निबंधकांसमोर दस्त नोंदवून देणे' हे तिन्ही अधिकार स्पष्ट लिहिलेले असावेत. फक्त 'देखभाल व व्यवस्थापन' असेल तर त्यावर विक्री होत नाही. मालकाशी व्हिडिओ कॉल करून किंमत आणि भावाचं नाव त्यांच्या तोंडून ऐका. मालक हयात नसेल तर मुखत्यारपत्र संपतं.

मोठा मुद्दा टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच खरेदीदाराने कापून सरकारला भरायच्या कराचा. भारतात राहणाऱ्या मालकाकडून 50 लाख किंवा त्यावरच्या खरेदीत 1 टक्का कापतात, तो नियम इथे लागू नाही. परदेशस्थ मालकाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यासाठी दर 12.5 टक्के अधिक सरचार्ज आणि सेस, आणि मालकाने आयकर विभागाकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल तर कपात पूर्ण किमतीवर. टोकनमधूनही कापावा लागतो. एजंट 'एक टक्काच भरा, सगळे तेच करतात' म्हणेल. कमी कापलात तर उरलेल्या रकमेची नोटीस व्याजासह तुम्हाला येते, मालकाला नाही. म्हणून आधी दाखला, मग टोकन. दाखल्याला काही आठवडे लागू शकतात, म्हणून ताबा आणि करारनाम्याची तारीख त्यानुसार ठरवा.

उत्तर 1: कर्वे रोड

आणि दाखल्याआधीच टोकन द्यायची वेळ आली, तर पावतीतल्या माझ्या वाक्यात एवढं वाढवा: "कमी कपातीचा दाखला अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास खरेदीदार नियमाप्रमाणे पूर्ण टीडीएस कापतील, व त्यास मालकाची हरकत राहणार नाही." सही मालकाची घ्या. ते दुबईहून स्कॅन करून पाठवू शकतात.