मदत हवी आहे: सोलमध्ये पापण्यांची शस्त्रक्रिया

नमस्कार. आम्ही रत्नागिरीजवळ पावसला राहतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या (वय ५४) वरच्या पापण्यांची त्वचा सैल होऊन डोळ्यांवर उतरली आहे आणि भाचा नोकरीनिमित्त दक्षिण कोरियात असल्यामुळे ही शस्त्रक्रिया सोलच्या गंगनम भागात करून घ्यावी, असे तिने ठरवले आहे. मुंबईतही ती उत्तम होते, हे मी सांगून थकलो.

परदेशी रुग्ण स्वीकारणाऱ्या रुग्णालयांना तिथे सरकारी नोंदणी बंधनकारक आहे, असे वाचले. ती नोंदणी आपण इथे बसून कशी पडताळावी? वैद्यकीय उपचारांसाठीचा सी-३-३ व्हिसा कोणी काढला असल्यास रुग्णालयाकडून कोणती कागदपत्रे मागवावी लागली, हे कृपया सांगावे. टाके साधारणपणे पाच ते सात दिवसांत काढतात, पण सूज उतरायला अधिक काळ लागतो. मग परतीचे तिकीट किती दिवसांनंतरचे काढावे?

मुख्य काळजी वेगळीच आहे. घरी परतल्यावर डोळा पूर्ण मिटेनासा झाला किंवा जंतुसंसर्ग झाला, तर दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेचा रुग्ण रत्नागिरी किंवा कोल्हापूरचे नेत्रतज्ज्ञ हाती घेतात का? ती रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते, हेही लक्षात घ्यावे. गणपतीपूर्वी तिला घरी परतायचे आहे.