बीटी कापूस: पैसा जनुकात होता की संकरात?

कोरडवाहू_यवतमाळ
बीटी कापूस म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला कापूस. त्याचा विषय निघाला की दोनच बाजू पडतात. एक म्हणते तंत्रज्ञानानं शेतकरी तारला, दुसरी म्हणते बुडवला. माझं म्हणणं असं की जनुक चांगलंच होतं. ते ज्या पद्धतीनं विकलं गेलं, ती पद्धत कोरडवाहू शेतीला मारक ठरली.

मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मोन्सॅन्टो आणि जालन्याची महिको यांच्या भागीदारीतल्या कंपनीची खरी कमाई बियाणं विकून नव्हती. चाळीसहून अधिक बियाणे कंपन्यांना जनुक वापरायला द्यायचं आणि दर पाकिटामागे रॉयल्टी घ्यायची, हा तो धंदा. 2006 मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं तेव्हा 450 ग्रॅमचं पाकीट 1,850 रुपयांना होतं, आणि त्यातले 1,250 रुपये नुसत्या जनुकाचे!

ही वसुली चालायची तर शेतकऱ्यानं दरसाल कृषी केंद्रात यायला हवं. पण आपल्याकडे 2001 च्या कायद्यानं घरचं बी राखायचा, पेरायचा हक्क दिलेला आहे. म्हणून कुलूप बियाण्यातच बसवलं गेलं आणि जनुक फक्त संकरित वाणांत आलं. संकराची सरकी पुढच्या साली पेरली की झाडं एकसारखी येत नाहीत, संपला विषय.

चीन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत बीटी मुख्यतः सरळ वाणांत आहे, म्हणजे ज्यांचं घरचं बी पुन्हा पेरता येतं अशा वाणांत. दाट पेरतात, पीक लवकर निघतं, रान मोकळं होतं. आपलं बी महाग, म्हणून झाडं विरळ, म्हणून झाड मोठं करायचं, हंगाम लांबवायचा, वर फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा पीक घ्यायचं. गुलाबी बोंडअळीला दुसरं काय हवं? ती जवळपास कापसावरच जगते आणि उशिराच्या बोंडांत वाढते. 2017 मध्ये विदर्भात बोंडं किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली. त्या फवारण्या सगळ्या बोंडअळीसाठी नव्हत्या, हे मान्य. पण एवढा लांब हंगाम नसता तर इतके पंप पाठीवर चढले नसते, असं मला ठामपणे वाटतं.

बीज_पैदासकार
दादा, संकरित कापूस कंपन्यांनी आणलेला नाही. एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकर 1970 मध्ये सुरतच्या सरकारी केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी काढला. बीटी यायच्या आधीच मोठं क्षेत्र संकराखाली होतं.

उत्पादनही बघा. 2001-02 मध्ये हेक्टरी 300 किलोच्या आसपास रुई होती, 2007-08 मध्ये 550 च्या वर गेली. त्यात शेततळी, नवी कीटकनाशकं, गुजरातचं पाणी यांचाही वाटा आहे, पण हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या बंद झाल्या हे प्रत्येक कास्तकाराला ठाऊक आहे.

आणि रॉयल्टी काढून घेतल्यावर काय झालं, तेही सांगा. डिसेंबर 2015 मध्ये केंद्रानं किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. जनुकाचा दर 2016 मध्ये 49 रुपये, 2018 मध्ये 39, 2020 मध्ये शून्य. 2016 मध्येच मोन्सॅन्टोनं पुढच्या पिढीच्या बियाण्याचा अर्ज मागे घेतला. 2009 नंतर कापसात एकही नवं जनुक अधिकृतपणे आलेलं नाही. दहा-बारा वर्षांचं संशोधन आणि परवानग्यांचा खर्च शून्य रुपयांत कोण करेल?

कोरडवाहू_यवतमाळ
एच-4 चं बरोबर आहे. पण तेव्हा शेतकऱ्याला निवड होती. अकोला विद्यापीठाच्या रजतसारखे सरळ वाण दुकानात मिळायचे. बीटीनंतर नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र संकराखाली गेलं, कारण अळीपासून संरक्षण दुसऱ्या कशातच मिळत नव्हतं.

कलम_तीन
दोघांनीही एक गोष्ट सोडली. मोन्सॅन्टोचं पहिलं बीटी म्हणजे बोलगार्ड, त्यातल्या जनुकाचं भारतात पेटंटच नव्हतं. पेटंट मिळालं ते त्याच्या पुढच्या आवृत्तीला, बोलगार्ड-2 ला, आणि त्यावरची लढाई 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. म्हणजे पहिली काही वर्षं रॉयल्टी उभी होती ती करारांवर, मंजुरीच्या फायलीवर आणि संकरावर. सरकारी संस्थांना सरळ वाणात तेच जनुक घालायला आडकाठी कोणाची होती?

नागपूरच्या केंद्रीय कापूस संस्थेनं बिकानेरी नरमा बीटी हे सरळ वाण आणलं. त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक सापडलं आणि विक्री थांबवावी लागली. पुढे रजत आणि सूरज यांचे बीटी वाण आले, पण तोवर गुलाबी अळीनं ते जनुक पचवलेलं होतं. कंपनीनं कमावलं याचा मला राग नाही. आपल्या संस्था दहा वर्षं मागे राहिल्या, याचा आहे.

सुलभा_वर्धा
तुम्ही सगळे अळीवर बोलताय. माझ्या पाच एकरांत सगळ्यात मोठा खर्च निंदणाचा आहे. बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर पाऊस उघडीप देत नाही. म्हणून गावोगाव चोर बीटी, म्हणजे परवानगी नसलेलं बियाणं पेरलं जातं, तणनाशक मारलं तरी कापूस उभा राहतो. 2019 मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरलं, तेव्हा पाच वर्षांची कैद होऊ शकत होती हे माहीत असून. शून्य रॉयल्टीनं आम्हाला हे दिलं: पाकिटावर नाव नाही, हातात बिल नाही, उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार?

बीज_पैदासकार
सुलभाताई, हेच तर म्हणतोय. आणि रेफ्युजीचं, म्हणजे अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून सोबत पेरायच्या बिनबीटी बियाण्याचं 120 ग्रॅमचं पाकीट किती जणांनी पेरलं? अळीला प्रतिकार लवकर आला त्यात तोही दोष आहे.

कोरडवाहू_यवतमाळ
नाही पेरलं, खरं आहे. पण ज्याला दर पाकिटामागे पैसे मिळतात त्याला बीटी जास्त विकलं जाण्यात रस, जनुक वीस वर्षं टिकण्यात नाही. रॉयल्टी जरूर द्या. पण ती सरकारनं द्यावी, दरसाल, अळी त्या जनुकानं मरतेय तोवरच. आणि बदल्यात जनुक सरळ वाणांसाठी मोकळं असावं.

सुलभा_वर्धा
त्यात माझी एक अट घाला. बिल मिळालं पाहिजे, आणि उगवण झाली नाही तर भरपाई त्याच हंगामात, पुढच्या मृगापर्यंत थांबून नाही.